वीस टन उसाची एक किलो साखर

चला, आधी रेल्वे स्टेशनवर जाऊ. फलाटावर लांब पल्ल्याची गाडी उभी आहे. एका डब्याच्या टोकाशी थांबा आणि तिथून पुढे दोन डबे मोजा. नव्या एलएचबी डब्याची लांबी सुमारे २४ मीटर. दोन डबे झाले ४८, आणखी दोन-तीन पावलं टाकली की ५०. आता त्या टोकाला कुणीतरी आमटीची छोटी वाटी उभी धरली आहे असं समजा. तोंड आपल्याकडे, रुंदी ८ सेंटिमीटर. दिसतेय? नीटशी नाही ना? ठीक आहे. आता त्या वाटीत बाण मारा.

लागला? शाबास. आता आणखी चौदा मारा. प्रत्येक बाणाला २० सेकंद. समोर परदेशी प्रतिस्पर्धी, मागे प्रेक्षक, वर आभाळ, मधून वाहणारा वारा. पंधराच्या पंधरा वाटीत गेले तर १५० गुण. एक बाण वाटीच्या काठाबाहेर गेला तर १४९. दोन गेले तर बहुधा घरी.

कंपाउंड तिरंदाजी म्हणतात ती हीच. ५० मीटरचा पल्ला, ८० सेंटिमीटरचं लक्ष्य आणि त्याच्या पोटात १० गुणांचं ८ सेंटिमीटरचं वर्तुळ. त्याच्याही पोटात ४ सेंटिमीटरचं आणखी एक बारकं वर्तुळ असतं, त्याला तिरंदाज ‘एक्स’ म्हणतात. एक्स म्हणजे बाजारातलं मध्यम आकाराचं लिंबू. दोन डब्यांपलीकडचं लिंबू!

५ ऑगस्ट २०२३. बर्लिन. जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी. साताऱ्याची आदिती स्वामी, वय वर्षं १७, हा प्रकार पंधरा वेळा करते आणि १४९ गुण मिळवते. चौदा बाण वाटीत, एक काठाला हुकलेला. मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेराचे १४७. त्याआधीच्या उपांत्य फेरीतही आदितीचे १४९ होते. म्हणजे दोन लढतींत ३०० पैकी २९८! आणि आपण टाळ्या वाजवून हात खाली घेतो न घेतो तोच, त्याच दिवशी, त्याच मैदानावर, नागपूरचा आणि साताऱ्यात सराव करणारा ओजस देवतळे १५० पैकी १५० मारतो. पंधरा बाण, पंधरा वाट्या. पोलंडच्या प्रतिस्पर्ध्यानं १४९ मारले आणि तो हरला. ९९.३३ टक्के मिळवून दुसरा नंबर!

ही जागतिक स्पर्धा १९३१ साली सुरू झाली. भारताच्या नावावर रौप्यपदकं होती, कांस्यपदकं होती, सुवर्ण मात्र एकही नव्हतं. ४ ऑगस्टला ज्योती सुरेखा वेन्नम, परनीत कौर आणि आदिती यांच्या संघानं २३५ विरुद्ध २२९ असं मेक्सिकोला हरवून पहिलं सुवर्ण आणलं. दुसऱ्या दिवशी आदितीचं दुसरं, ओजसचं तिसरं. स्पर्धा सुरू झाल्यापासून ९२ वर्षं शून्य, मग दोन दिवसांत तीन.

पण पदकांची मोजणी वर्तमानपत्रांनी तेव्हाच केली. आपण ती सोडून बाकी सगळं मोजू. कागद-पेन्सिल घ्या. शाळेतलं त्रैराशिक येतं ना? तेवढं पुरे.

पहिलं गणित अचूकतेचं. ५० मीटरवर ८ सेंटिमीटर हा आकडा तसा डोक्यात शिरत नाही. म्हणून तो ताणू. मुंबई ते पुणे पक्षी उडतो त्या सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटर. म्हणजे ५० मीटरच्या २,४०० पट. मग वाटीही २,४०० पट करा. ८ सेंटिमीटर गुणिले २,४०० झाले १९२ मीटर. भागिले डब्याचे २४. बरोब्बर आठ डबे!

म्हणजे चित्र असं. तुम्ही मुंबईत सीएसएमटीच्या फलाटावर उभे आहात. पुणे स्टेशनात एक गाडी उभी आहे. तिच्या ठरलेल्या आठ डब्यांपैकी एकाला इथून नेम धरून खडा मारायचा आहे. मधे खंडाळ्याचा घाट आहे, तो नाही असं समजा. आठ डब्यांत कुठेही लागला तर १० गुण. नवव्या डब्याला लागला तर ९, आणि अशा एका नवानं सुवर्णाचं रौप्य होऊ शकतं. एक्स हवा असेल तर मधले चारच डबे. आणखी एक गंमत पाहा. मुंबई-पुणे लोहमार्ग आहे १९२ किलोमीटरचा आणि आपलं लक्ष्य निघालं १९२ मीटरचं. आकडे कधीकधी असे डोळा मारतात.

हे हातात कसं उतरतं? डोळ्याजवळचं बारीक छिद्र आणि धनुष्याच्या पुढे लावलेली साइट यांच्यात साधारण ९० सेंटिमीटरचं अंतर धरू. तिथून लक्ष्य ५० मीटरवर, म्हणजे सुमारे ५५ पट लांब. साइट फक्त एक मिलिमीटर हलली तर तिकडे बाण साडेपाच सेंटिमीटर सरकतो. वाटीच्या मध्यापासून काठापर्यंत आहेत चारच. गेला की बाहेर! एक मिलिमीटर म्हणजे एटीएम कार्डाच्या जाडीहून जेमतेम जास्त. कंपाउंडच्या साइटला भिंग असतं हे खरं. पण ते लक्ष्य मोठं करतं तशी हाताची थरथरही मोठी करून दाखवतं.

आता दोरी सोडू. बाण धनुष्यातून सुटतो तेव्हा त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास धरा. डेक्कन क्वीनला मुंबईहून पुण्याला पोचायला तीन तासांहून अधिक लागतात. या वेगानं लागतील ३८ मिनिटं. चहा-कटलेट मागवेपर्यंत शिवाजीनगर मागे पडलेलं.

आणि हा वेग बाण गाठतो तरी किती वेळात? वंदे भारतला उभ्या जागेवरून ताशी १०० गाठायला सुमारे ५२ सेकंद लागतात, त्याचं केवढं कौतुक! बाणाला दोरीची सोबत मिळते ती जेमतेम अर्ध्या मीटरची. तेवढ्यात शून्यावरून ३००. वेळ येतो सेकंदाच्या हजार भागांपैकी १२. वंदे भारतचे ५२ सेकंद भागिले हे बारा हजारांश, म्हणजे चार हजारांहून अधिक पट झटपट, आणि तेही तिप्पट वेगापर्यंत. पापणी लवायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो असं धरलं, तर एका पापणीत असे सत्तावीस-अठ्ठावीस बाण सुटून जातील. एकामागोमाग!

या झटक्यात बाणावर पडणारं बळ त्याच्या स्वतःच्या वजनाच्या सातशे पट भरतं. साठ किलोच्या माणसावर सातशे पट बळ म्हणजे ४२ टन. भरलेला मोठा ट्रक छातीवर. कार्बनचा तो पेन्सिलीहून सडपातळ बाण हे रोज सोसतो. २५ ग्रॅमचा बाण गुणिले ७०० करा, उत्तर येतं साडेसतरा किलो. धनुष्याची दोरी ओढायला साधारण तेवढाच जोर लागतो. हिशेब जुळला!

सुटल्यावर ५० मीटर कापायला बाणाला लागतात ०.६ सेकंद. हा आकडा कोपऱ्यात लिहून ठेवा, शेवटी तोच आपल्याला लागणार आहे. पण या अर्ध्या-पाऊण सेकंदातही पृथ्वी गप्प बसत नाही. तेवढ्या वेळात बाण खाली येतो १ मीटर ७६ सेंटिमीटर. अख्खा पुरुषभर! लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १ मीटर ३० सेंटिमीटरवर असतो. म्हणजे धनुष्य नुसतं सपाट धरलं तर बाण लक्ष्यापर्यंत पोचायच्या आधीच मातीत रुतेल. तिरंदाज नेम धरतो वाटीवर आणि बाण निघतो आभाळाकडे दोन अंश तोंड करून. वर चढतो, वाकतो, उतरतो आणि वाटीत शिरतो. एका पुरुषाची उंची उतरून ८ सेंटिमीटरात!

एका बाणात इतका ऐवज. आता असे बाण किती?

इथे साताऱ्याला जावं लागेल. आदितीचे वडील शाळेत गणिताचे शिक्षक, तेव्हा आपल्या हिशेबाला घरचाच आशीर्वाद आहे. मूळ गाव शेरेवाडी. मुलीच्या सरावासाठी बिऱ्हाड साताऱ्यात आलं. प्रशिक्षक प्रवीण सावंत यांची अकादमी जिथे उभी राहिली, ते कधीकाळी उसाचं शेत होतं. हे उसाचं शेतसुद्धा लक्षात ठेवा. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास आदितीनं धनुष्य धरलं, सतराव्या वर्षी ती जगज्जेती झाली. मधली वर्षं पाच.

तिची सरावाची वही माझ्याकडे नाही, म्हणून एक साधा तिरंदाज कल्पू. या पाच वर्षांचा, या पल्ल्याचा. रोज २०० बाण, वर्षातले ३०० दिवस. मोठे खेळाडू याहून जास्त मारतात, लहान मुलं कमी आणि जवळून मारतात. आपण मधला, सोपा आकडा घेऊ. दिवसाला २००, वर्षाला ६०,०००, पाच वर्षांत ३,००,०००.

तीन लाख बाण! एक बाण साधारण ७० सेंटिमीटरचा. टोकाला टोक लावून सीएसएमटीपासून मांडायला घ्या. दादर गेलं, कल्याण गेलं, कर्जत गेलं, घाट चढला, लोणावळा गेलं, पुणं आलं. १९२ किलोमीटर झाले आणि हातात बाण अजून उरलेत! एकूण लांबी २१० किलोमीटर. पुणं ओलांडून साताऱ्याच्या वाटेला आणखी १८ किलोमीटर.

हे झालं नुसतं मांडणं. ते उडाले किती? प्रत्येकी ५० मीटर, म्हणजे वर्षाला ३,००० किलोमीटर आणि पाच वर्षांत १५,०००. डेक्कन क्वीननं रोज पुणे-मुंबई जाऊन-येऊन ३९ दिवसांत कापावं इतकं. छोटं वाटतंय? बरं, मग हे घ्या. पृथ्वीचा व्यास आहे सुमारे १२,७४२ किलोमीटर. साताऱ्यातून बाण थेट जमिनीत सोडला असता तर तो पृथ्वीच्या आरपार जाऊन पलीकडून बाहेर पडला असता आणि तिकडच्या आभाळात आणखी सव्वादोन हजार किलोमीटर चढला असता!

बाण उडत जातो, परत मात्र चालत आणावा लागतो. सहा बाण मारायचे, लक्ष्यापर्यंत चालत जायचं, बाण उपटायचे, परत यायचं. एका फेरीला १०० मीटर. दोनशे बाणांना तेहेतीस फेऱ्या, सव्वातीन-साडेतीन किलोमीटर. वर्षाला १,००० किलोमीटर. आळंदी ते पंढरपूर पायी साधारण अडीचशे. म्हणजे वर्षाला चार वाऱ्या आणि पाच वर्षांत वीस! माउलींची पालखी वर्षातून एकदा निघते. तिरंदाजाची दर तीन महिन्यांनी निघते, आणि विठोबा दरवेळी ५० मीटरवरच उभा.

आता ताकद. कंपाउंड धनुष्याला जास्तीत जास्त ६० पौंडांची, म्हणजे २७ किलोंची मुभा असते. आपण सरासरी २० किलो धरू. दर बाणाला २० किलो ओढायचे. या धनुष्याच्या कप्प्यांची करामत अशी की पूर्ण ओढून झाल्यावर हातावरचा भार बराच उतरतो, पण मधला तो टप्पा ओलांडल्याशिवाय सुटका नाही. दोनशे बाण गुणिले २० किलो, म्हणजे दिवसाला ४ टन. वयात आलेला एक हत्ती, रोज! वर्षाला १,२०० टन. पाच वर्षांत ६,००० टन.

सहा हजार टन म्हणजे किती? १२३ टनांची ४८ वॅप-७ इंजिनं, वर थोडं. विहिरींत मोजायचं? घ्या गावातली चांगली बांधीव विहीर. व्यास ६ मीटर, पाणी १० मीटर खोल. तिच्यात मावतं सुमारे २ लाख ८३ हजार लिटर, म्हणजे २८३ टन पाणी. सहा हजार टनांच्या झाल्या एकवीस विहिरी! काठोकाठ भरलेल्या एकवीस विहिरींच्या वजनाइतका जोर, वीस-वीस किलोंच्या हप्त्यांनी, तीन लाख वेळा. प्रत्येक हप्ता अर्धाच मीटर ओढायचा, हे कबूल. पण ओढणारी बारा-पंधरा वर्षांची मुलगी असू शकते, हेही कबूल करा.

वेळ? एक बाण ओढायचा, स्थिरावायचा, नेम धरायचा, सोडायचा. दहा सेकंद धरू. तीन लाख बाणांना तीस लाख सेकंद. भागाकार केला तर चौतीस दिवस आणि चौतीस रात्री. न जेवता, न झोपता, ताणलेली दोरी हनुवटीशी धरून सव्वा महिन्याच्या आसपास!

आणि पैसे? चांगल्या कार्बन बाणाची किंमत हजारांत जाते. आपण ३,००० रुपये धरू. तीन लाख बाण आगकाडीसारखे एकदाच वापरून फेकले असते तर खर्च आला असता ९० कोटी रुपये! नशीब, बाण परत वापरता येतो. एक डझन घेतले, ३६,००० रुपये मोजले, आणि एकही मोडला नाही असं मानलं तर प्रत्येक बाण पंचवीस हजार वेळा उडेल. पण मोडतात. आणि मोडतात कसे? नेम चांगला असला म्हणून! आधीच वाटीत रुतलेल्या बाणाच्या शेपटीत दुसरा बाण शिरतो आणि दोन्ही वाया जातात. तिरंदाज याला ‘रॉबिनहूड’ म्हणतात. पाहणारे टाळ्या वाजवतात, घरचे ६,००० रुपये वजा करतात. जितके अचूक व्हाल तितकं महाग पडतं, असा खेळ दुसरा दाखवा.

इतकं केल्यावर गुणपत्रिका कशी दिसते? जून २०२३, कोलंबियातलं मेदेयीन. महाबळेश्वरापेक्षाही उंचावर वसलेलं शहर. विश्वचषकाची पात्रता फेरी. ७२ बाण, ७२० गुण. आदितीनं मिळवले ७११, अठरा वर्षांखालचा जागतिक विक्रम! दहावीच्या भाषेत ९८.७५ टक्के. फक्त इथे प्रश्न ७२, उत्तर दर वेळी तेच आणि वेळ सहा प्रश्नांना चार मिनिटं. ७२ बाणांत गमावले अवघे ९ गुण. मग जुलैत आयर्लंडमध्ये युवा जगज्जेतेपद, ऑगस्टमध्ये बर्लिन, ऑक्टोबरमध्ये चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण आणि वैयक्तिक कांस्य. ओजसनं तिथे तीन सुवर्णं घेतली. मुलीचं वय तेव्हाही सतराच.

आता ओजसचे १५० किती अवघड, ते पाहू. समजा एखादा तिरंदाज असा आहे की त्याचे निम्मे बाण वाटीत जातात. शाळेच्या मैदानावर तो हिरो ठरेल. त्याचे सलग पंधरा बाण वाटीत जायची शक्यता किती? ३२,७६८ मध्ये एक. त्यानं रोज एक अंतिम फेरी खेळली तर एकदा १५० यायला सरासरी नव्वद वर्षं लागतील! दहापैकी नऊ बाण वाटीत घालणारा घ्या. त्यालाही पाच फेऱ्यांत एकदाच जमेल. शंभरात पंच्याण्णव घालणारा? तरी निम्म्याहून कमी वेळा. शंभरात नव्याण्णव घालणारा हवा, तेव्हा कुठे सातपैकी सहा वेळा खात्री. म्हणजे ऐंशी टक्क्यांपासून नव्वदपर्यंतचा रस्ता एक, आणि नव्याण्णवच्या पुढचा वेगळाच. मुंबईहून लोणावळ्यापर्यंत सपाट रस्ता असावा आणि शेवटच्या दोन किलोमीटरांत हिमालय लागावा, तसं.

हे सगळं कंपाउंडचं. ऑलिम्पिकमध्ये आजवर चालत आलं ते रिकर्व्ह. पल्ला ७० मीटर, जवळजवळ तीन डबे. कप्प्या नाहीत, भिंग नाही. नेम धरेपर्यंत सगळा भार बोटांवर. रांचीच्या दीपिका कुमारीनं २०१६ मध्ये ७२ बाणांत ६८६ गुण मिळवून जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. सरासरी बाणाला साडेनऊच्या वर. तिच्या वाट्याला चार ऑलिम्पिक आली. लंडन, रिओ, टोकियो, पॅरिस. प्रत्येक ठिकाणी मानांकन फेरीचे ७२ बाण, एकूण २८८. रिकर्व्हचा बाण ७० मीटरला सव्वा सेकंद घेतो असं धरलं तर हे २८८ बाण हवेत होते फक्त सहा मिनिटं. २०१२ ते २०२४ ही बारा वर्षं, आणि हवेतली सहा मिनिटं! पदक मात्र हुकलं.

पॅरिसमध्येच, २०२४ साली, पुरुषांची अंतिम लढत. दक्षिण कोरियाचा किम वू-जिन आणि अमेरिकेचा ब्रॅडी एलिसन. पाच सेट झाले, बरोबरी. आता एकेक बाण, मध्याच्या जवळ जाईल तो जिंकेल. दोघांनीही १० मारले! मोजपट्टी आली. किमचा बाण मध्याला ४.९ मिलिमीटरनं जवळ निघाला. अर्धा सेंटिमीटरसुद्धा नाही. दोन रुपयांची तीन नाणी एकावर एक ठेवली तरी त्याच्या आसपास. आपली मुंबई-पुणे पट्टी लावून बघू. ७० मीटरचे १२० किलोमीटर केले तर ४.९ मिलिमीटरचे होतात ८.४ मीटर. एका डब्याचा तिसरा हिस्सा! मुंबईतून दोघांनी पुण्यातल्या गाडीवर खडा मारला. दोघांचेही ठरलेल्या डब्यांवर बसले. एकाचा तीन-चार खिडक्या अलीकडे, एकाचा पलीकडे. अलीकडचा किम. त्याचं पाचवं ऑलिम्पिक सुवर्ण. पलीकडच्याला रौप्य.

आता कोपऱ्यात लिहिलेला तो आकडा काढा. ०.६ सेकंद.

मिनिटाला शंभर ठोके पडत असतील तर हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर किती? साठ भागिले शंभर. ०.६ सेकंद! टोकियोत तिरंदाजांच्या हृदयाचे ठोके प्रेक्षकांना पडद्यावर दाखवले गेले होते. पाहणारे अचंब्यानं पाहत होते, पण खरी गंमत ही. बाण सुटतो तेव्हा एक ठोका, लागतो तेव्हा दुसरा. संपलं.

आता आपल्या तीन लाख बाणांचा हवेतला सगळा वेळ जोडा. तीन लाख गुणिले ०.६ म्हणजे एक लाख ऐंशी हजार सेकंद. पन्नास तास! पाच वर्षं, एकवीस विहिरी, अठ्ठेचाळीस इंजिनं, वीस वाऱ्या, चौतीस दिवस-रात्र ताणलेली दोरी, आणि या सगळ्यातून हवेत उमटले अवघे पन्नास तास. शुक्रवारी संध्याकाळी सुरू करा, रविवारी रात्री जेवणाच्या आत आटोपतील.

आणि अंतिम फेरी? पंधरा बाण. पंधरा गुणिले ०.६.

नऊ सेकंद.

बर्लिनमध्ये सुवर्ण ठरलं ते या नऊ सेकंदांच्या उड्डाणात. पंधरा ठोके. तुम्ही हे वाक्य सावकाश वाचून त्याच्या शेवटच्या शब्दापर्यंत येईपर्यंत त्यातले बरेचसे होऊन गेले. तीन लाख बाणांतले पंधरा, पन्नास तासांतले नऊ सेकंद. दोन्हीकडे भागाकार केला तर उत्तर एकच येतं. वीस हजारांत एक!

साताऱ्याच्या उसाच्या शेतावर उभं राहून हा आकडा वाचावा. ऊस पट्ट्यात ‘उतारा’ हा शब्द शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. शंभर किलो उसातून साखर निघते दहा-अकरा किलो. दिवसाला अडीच हजार टन गाळणाऱ्या कारखान्याला आपले सहा हजार टन गाळायला अडीच दिवससुद्धा लागणार नाहीत, आणि तो त्यातून सहाशे टनांच्या वर साखर काढेल. तिरंदाजाचा उतारा काय? वीस हजार किलोला एक किलो. वीस टन ऊस, म्हणजे रस्ता अडवत जाणारा एक भला थोरला भरलेला ट्रक आत जातो आणि पलीकडून बाहेर येते किराणा दुकानातली एक पिशवी. असा उतारा देणारा कारखाना पहिल्याच हंगामात बंद पडला असता. तिरंदाज मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दोनशे बाण घेऊन मैदानावर हजर!

आता पुढची मोळी पाहा. कंपाउंड आजवर ऑलिम्पिकबाहेर होतं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडची मिश्र दुहेरी सांघिक स्पर्धा पहिल्यांदा होणार आहे. एक मुलगा, एक मुलगी. एका लढतीत दोघांचे मिळून सोळा बाण, म्हणजे प्रत्येकी आठ. आठ गुणिले ०.६.

४.८ सेकंद. आठ ठोके.

मधल्या वर्षांत कुठल्या तरी मैदानावर कुणीतरी आज चार टन ओढून, तेहेतीस फेऱ्या चालून, बाण पुसून घरी निघालं असेल. त्याच्या पदरी आज सरावाची दोन मिनिटं हवेत जमा झाली. दोनशे गुणिले ०.६, हिशेब करून पाहा. ४.८ सेकंदांसाठी दोन मिनिटं म्हणजे पंचवीसपट. उताऱ्याच्या वीस हजारपटीला असे आठशे दिवस हवेत, आणि वर्षाचे दिवस तर आपण तीनशेच धरलेत. उद्या सकाळी लवकर उठायला हवं.